दारूबंदीची पहिली रात्र

‘बोर्डवॉक एम्पायर’ या मालिकेचा पहिला भाग एचबीओवर दाखवला गेला 19 सप्टेंबर 2010 रोजी. काळ जानेवारी 1920, ठिकाण अटलांटिक सिटी. अमेरिकेत दारूबंदी लागू होतेय. खजिनदार नकी थॉम्पसन (स्टीव्ह बुशेमी) दारूबंदीवाल्या बायकांपुढे गळा भरून बोलतो आणि तिथून थेट पेल्यांच्या मैफलीत जातो. माणूस इथेच कळतो! हे पात्र बेतलंय इनॉक ‘नकी’ जॉन्सन या खऱ्या पुढाऱ्यावर. समुद्रकाठचा लाकडी पदपथ मात्र ब्रुकलिनमध्ये उभारलेला सेट. लेखन टेरेन्स विंटरचं, दिग्दर्शन मार्टिन स्कोर्सेसीचं. या दिग्दर्शनासाठी स्कोर्सेसीला 2011चं एमी मिळालं. गाड्यांपाशी गप्पा छाटणारा पोरगेला ड्रायव्हर नीट पाहा: तो अल कपोन.