शब्द आपले हवेत

उपासनेने मनाला शांती कशी मिळते, असे स्नेही मला विचारतात. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझ्या परंपरेतून सांगतो.

देवापाशी मन मोकळे करायचे तर शब्द आपले हवेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते बरीच असत. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तनांतून ख्रिस्तभक्ती गायली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते आहेत. कॅथलिकांची लॅटिनमधली मिस्साही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषेत होऊ लागली.

उपासनेला क्रम असतो : स्तुती, पापांची कबुली, शास्त्रवाचन, उपदेश, इतरांसाठी प्रार्थना. मी येतो चिंता घेऊन, पण गाताना आधी देवाचे आभार मानले जातात. कबुलीने ओझे उतरते. शेजारच्या आजाऱ्यासाठी हात जोडताना स्वतःची काळजी मागे पडते. घरची अडचण तशीच असते, तिला तोंड देण्याचे बळ मात्र मिळते. यालाच मी समाधान म्हणतो.

श्रोतेहो, आपली श्रद्धा कोणतीही असो, रोज चार शब्द आपल्या भाषेत देवाशी बोलून पाहा.