स्थानकावरील स्टॉल : परवाना रद्द झाल्यावर काय?

समजा, रेल्वे स्थानकावरील चहाच्या स्टॉलचा पाच वर्षांचा परवाना थकबाकीचे कारण देऊन तिसऱ्याच वर्षी रद्द झाला. स्टॉलधारक म्हणतो, ‘मी भाडेकरू आहे.’ म्हणून पहिला प्रश्न : हा भाडेपट्टा की परवाना? भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवाना ही केवळ वापराची परवानगी असते. असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने दस्ताच्या नावापेक्षा त्याचा आशय आणि पक्षांचा हेतू महत्त्वाचा मानला.

परवाना ठरला, तरी धारक निराधार नसतो. कलम ६३ त्याला सामान हलवण्यास वाजवी मुदत देते. मोबदला देऊन घेतलेला परवाना त्याचा दोष नसताना मुदतीआधी काढून घेतल्यास कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. म्हणूनच थकबाकी खरी होती का, हा वादाचा गाभा ठरतो.

जागा न सोडल्यास सार्वजनिक जागांविषयीचा १९७१ चा निष्कासन कायदा लागू होतो. इस्टेट ऑफिसर कारणे दाखवा नोटीस देतो, बाजू ऐकतो आणि मग आदेश काढतो. त्यावर १२ दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. आदेश हाती पडताच आधी तारीख पाहावी, ती यासाठी.