शुश्रूषेच्या कामात पुरुष का नकोत?

दीर्घकालीन शुश्रूषेकडे पुरुष वळत नाहीत, कारण सेवा त्यांच्या स्वभावातच नसते, हा समज जर्मनीच्या अनुभवापुढे टिकत नाही. तिथे १९६१ ते २०११ या काळात सक्तीची लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांना पर्यायी नागरी सेवा करावी लागे. त्यांतले कितीतरी जण वृद्धाश्रमांत नि अपंगांच्या संस्थांत म्हाताऱ्यांना भरवत, आंघोळ घालत, आणि काही जण पुढे याच व्यवसायात राहिले. सक्ती संपली त्याच वर्षी मुलांना अशा व्यवसायांची ओळख करून देणारा ‘बॉइज डे’ देशभर सुरू झाला. पण एका दिवसाच्या ओळखीने पोट भरत नाही. २०२० पासून शुश्रूषेच्या प्रशिक्षणाची फी रद्द झाली आणि विद्यावेतनाची हमी मिळाली. हा उपाय मला अधिक नेमका वाटतो.

ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत या कामातल्या दहापैकी सुमारे नऊ जणी स्त्रिया आहेत. पुरुष आले तर वरच्या जागा तेच पटकावतील, ही भीती निराधार नाही. पण त्यावर उपाय बढतीचे नियम पारदर्शक करण्याचा आहे, दार बंद ठेवण्याचा नव्हे. आजीबाईंना पुरुषाच्या हातून आंघोळ नको असेल, तर तो त्यांचा हक्कच. मात्र आजोबांनाही तसा हक्क असतो, आणि सगळ्या कर्मचारी स्त्रियाच असल्या तर तो विचारातही घेतला जात नाही. पुरुष हवेत ते रुग्णाला उचलायला, हा युक्तिवाद तर मुळीच करू नये: त्यासाठी यंत्रे मिळतात.