शिवारातील उन्हाळी वनभोजन आणि घरचा बर्गर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या गावाच्या परिसरात ऊस, ज्वारी आणि लिंबू ही पिके परिचयाची. या भागातले खरे वनभोजन म्हणजे थंडीतला हुरडा. शेणगोवऱ्यांची आगटी, भाजलेली कणसे, तिखट चटणी आणि गूळ यांना वेगळ्या पाककृतीची गरज पडत नाही. परंतु मे महिन्यात सुट्टी लागते, पुण्या-मुंबईची नातवंडे गावी येतात, आणि त्यांची मागणी हुरड्याची नसून बर्गरची असते. या मागणीकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्याचे कारण नाही. दोन पावांच्या मध्ये काहीतरी चविष्ट घालून हातात धरून खाणे महाराष्ट्राला नवे नाही. वडापाव या राज्याने दादरपासून गावोगाव नेलेला आहे. प्रश्न आहे तो आत काय घालावयाचे आणि ते कसे शिजवावयाचे, एवढाच.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. बाजारातील बर्गरचा पाव मैद्याचा असतो. १०० ग्रॅम मैद्यात तंतू जेमतेम पावणेतीन ग्रॅम, लोह पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. तितक्याच ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम असते. बाजरी लोहात ज्वारीच्याही पुढे आहे. पण उन्हाळ्यात बाजरी खाणे या भागातील माणसे टाळतात. शिवाय बाजरीच्या पिठातील स्निग्धांश उष्णतेत लवकर खवट होतो. तेव्हा मे महिन्यात ज्वारीच बरी.

ज्वारीचा पाव मैद्यासारखा फुगत नाही. पीठ भिजवले असता गव्हातील प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते आणि यीस्टमुळे उत्पन्न झालेला वायू त्या जाळीत अडकून पाव फुलतो. ज्वारीत ती जाळी नाही. म्हणून दोन भाग कणीक आणि एक भाग ज्वारीचे पीठ असे मिश्रण घेतल्यास पाव जरा दाट होतो, पण तुटत नाही. यीस्टचा खटाटोप नको असेल त्यांनी ज्वारीच्या तळहाताएवढ्या, किंचित जाड भाकरी कराव्यात. पीठ उकळत्या पाण्यात भिजवले की त्यातील पिष्ट फुगून चिकट होते आणि भाकरी थापताना चिरत नाही. मात्र अशी भाकरी गरम असतानाच लवचीक असते. सकाळी करून ठेवलेली दुपारी मोडते. म्हणून ती जेवणाच्या वेळीच भाजावी.

आतील टिक्कीसाठी मोड आलेल्या मटकीसारखा उत्तम पदार्थ नाही. मोड आणल्याने धान्यातील लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते. आठ टिक्क्यांसाठी पाव किलो मोड आलेली मटकी, मध्यम आकाराचा एक उकडलेला बटाटा, दोन मुठी फुटाण्याच्या डाळ्यांचे पीठ, एक बारीक चिरलेला कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मटकी प्रथम वाफवून घ्यावी. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते; म्हणून लहान मुलांना कच्ची मोडाची मटकी न दिलेली बरी. वाफवलेली मटकी पूर्ण निथळून भरडसर वाटावी. पाणी राहिले तर टिक्की तव्यावर फुटते, आणि मग घरातील मंडळी दोष बटाट्याला देतात! डाळ्यांचे पीठ ओल शोषून घेते. टिक्क्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. तळण्याची गरज नाही. तळण्याचे तेल वारंवार तापवण्याची सवय विशेष घातक आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा तेलातील ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरविली असून ती जुलै २०१८ पासून लागू आहे. आठवडे बाजारातील काळपट कढया पाहणाऱ्या पंचायत सदस्यांनी ही मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मेयोनेजऐवजी घट्ट चक्का, ठेचलेला लसूण आणि शेंगदाण्याचे कूट यांचे मिश्रण लावावे. घरी केलेल्या मेयोनेजमध्ये बहुधा कच्चे अंडे असते, आणि ४० अंशांच्या दुपारी ते जोखमीचे ठरते. वर काकडी, कांदा, टोमॅटो यांच्या चकत्या आणि श्रीगोंद्याचे लिंबू. लिंबू शेवटी पिळावे. शिजवल्याने त्यातील क जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो, आणि वनस्पतीजन्य लोह अंगी लागण्यास तेच साहाय्य करते. जेवणाबरोबरच चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. पाहुण्यांना तासाभराने चहा द्यावा, हे सांगणे सोपे असले तरी काष्टीसारख्या गावात अमलात आणणे अवघडच.

सामिष टिक्की करणाऱ्यांनी एक फरक जाणून घ्यावा. मटणाच्या अखंड तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून खिम्याची टिक्की मध्यभागापर्यंत शिजली पाहिजे: मटणासाठी ७१ अंश सेल्सिअस, कोंबडीसाठी ७४ अंश. तापमापक असल्यास उत्तम. नसल्यास टिक्की पातळ थापावी आणि एक मोडून आतला गुलाबीपणा गेला आहे व रस स्वच्छ आहे याची खात्री करावी. कच्चा खिमा ठेवलेले ताट धुतल्याखेरीज त्यात शिजलेली टिक्की काढू नये. हवा ३२ अंशांच्या वर असताना शिजलेले अन्न तासाभराहून अधिक उघड्यावर ठेवू नये. शिवारात शीतकपाट नसते. तेव्हा पीठ, सारण, चक्का बर्फाच्या डब्यात नेऊन लागेल तसे भाजावे, हाच व्यवहार्य मार्ग.

निखाऱ्यावर थेट भाजताना चरबी गळून धूर उठतो आणि त्यातील अपायकारक घटक अन्नावर बसतात. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखेचा थर आला की मगच तवा ठेवावा. चूल मांडावयाची ती कडब्याच्या गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि शेजारी पाण्याने भरलेली घागर असावी. मे महिन्यातील दुपारचा वारा राखेखालची ठिणगीही उचलून नेतो. म्हणून निखारे मातीने झाकून न सोडता पाणी ओतून, उलथून, पुन्हा पाणी ओतून विझवावेत.