वळीव पडून गेला, आता कुंडीला पाणी घालायचं की नाही?

मे महिन्यातली सातारा-सांगलीकडची दुपार. उन्हानं जीव नकोसा होतो आणि चारच्या सुमारास अचानक आभाळ भरून येतं. वारा, विजा, पंधरा-वीस मिनिटं धो धो वळीव. दुसऱ्या दिवशी परत रणरणतं ऊन.

२०२५ मध्ये तर मान्सून २४ मेलाच केरळात पोहोचला, २००९ नंतर सगळ्यात लवकर. २५ मेला तो महाराष्ट्रातही आला. त्याआधीच इकडं पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. अशा वेळी "उन्हाळा आहे, रोज पाणी घाला" हा सल्ला झाडाच्या मुळावर येऊ शकतो.

कसा?

तर मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळं कुजायला लागतात आणि पाणी वर ओढू शकत नाहीत. मग पानं मान टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण अजून एक तांब्या ओततो. झाड मरतं ते इथं.

मग ओळखायचं कसं?

बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर थांबा. जास्वंद, मोगरा दुपारी मलूल होऊन संध्याकाळी परत ताठ झाले, तर ती फक्त उन्हाची झळ असते.

पाऊस पडला म्हणजे कुंडी भिजलीच, असंही नसतं. पत्र्याखालची किंवा दाट पानांच्या झाडाची कुंडी वळवातही कोरडी राहते. तिथंही बोटच खरं सांगतं.

मातीचा विषय वेगळाच

कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. कुंडीत नुसती तीच भरली तर पाणी लवकर निचरत नाही, म्हणून तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. माण, खटाव, जत, आटपाडीकडं प्रश्न उलटा असतो, पाणीच कमी. तिथं उसाचं पाचट किंवा वाळका पाला मातीवर पसरा. ओल टिकते आणि पाणी वाचतं.

एवढं लक्षात ठेवा

पाणी सकाळी लवकर द्या, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडलं तर फक्त वरची माती भिजते.

पाऊस झाला की कुंडीखालची ताटली रिकामी करा. नाहीतर मुळं कुजतील आणि डेंग्यूच्या डासांचीही सोय होईल.

गारांनी पानं फाटली तर लगेच खत टाकू नका. मोडलेल्या फांद्या छाटा, नवी पालवी येऊ द्या.

थोडक्यात काय, तर पाणी घालण्याआधी कॅलेंडर बघू नका, माती बघा.