चिनी घरातील वाफ आणि मंद आच

चिनी स्वयंपाक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या जाळावरची कढई उभी राहते. ती कढई खोटी नव्हे. परंतु दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचे घरगुती जेवण पाहिले, तर त्याचा जीव वाफेत आणि मंद आचेत आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

वाफेची ही विद्या जुनी आहे. १९७६ साली आनयांग येथे शांग काळातील राणी फू हाओ हिची कबर उत्खननात सापडली. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत एकाच बैठकीवर तीन भांडी बसविलेले काशाचे वाफपात्र मिळाले. एका आगीवर तीन पदार्थ! काटकसरीची ही दृष्टी चिनी चुलीने पुढेही सोडली नाही.

जुन्या चिनी घरात भाजण्याची भट्टी सहसा नसे. म्हणून केकदेखील वाफेवरच होई. चिकट तांदळाचे पीठ आणि उसाची तांबूस साखर यांचा निन-गो नववर्षाला करतात. 'गो' म्हणजे केक, आणि 'उंच' या शब्दाचा उच्चारही तोच. म्हणून तो खाणे म्हणजे वर्षागणिक चढत जाणे. तांदळाचे पीठ, किसलेला मुळा आणि सोडे यांचा लो-पाक-गो मात्र तिखटमिठाचा. वाफ थंड पिठावर निवून पाणी होते, तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता देते. त्यामुळे पदार्थ लवकर शिजतो. पण उष्णता १०० अंशांपलीकडे जात नसल्याने करपत नाही. आपला उकडीचा मोदक पांढरा व मऊ राहतो तो याच कारणाने.

सुपाची गोष्ट निराळी. तेथे घाई चालत नाही. डुकराची हाडे प्रथम उकळत्या पाण्यातून काढून मळी टाकावयाची. मग कमळकंद व सुके लाल बोर घालून दोन-तीन तास मंद आचेवर ठेवावयाचे. हाडांभोवतीचा चिवट भाग विरघळून रस्सा दाट होतो. उन्हाळ्यात हाडांबरोबर कोहळा घालतात. मात्र मांसातील प्युरीनही याच रश्श्यात उतरते. म्हणून संधिवाताच्या 'गाऊट' या प्रकाराच्या रोग्यांनी तो जपून प्यावा, हे वैद्यकाचे सांगणे विसरू नये.

जेवणानंतरचे गोड म्हणजे थोंग-सोई, शब्दशः 'साखरपाणी'. बारीक लाल कडधान्य संत्र्याच्या जुन्या वाळल्या सालीसह शिजवतात. उन्हाळ्यात मूग घेतात. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला तांदळाच्या पिठाचे गोल गोळे गोड पाण्यात सोडतात. त्यांचा गोल आकार म्हणजे कुटुंबाचे एकत्र येणे.

यांतील जिन्नस बहुतेक साधेच. महाग आहे तो वेळ. आज विजेची भांडी सूप राखतात, बाहेर तयार सूपही मिळते. तरी उशिरा घरी येणाऱ्यासाठी वाडगा झाकून ठेवणारे कोणी घरात असावे लागते. ते माणूस आहे तोवरच ही पाककला घरची म्हणावयाची.