सात मुलांचा वर्ग

"जेवण्याआधी हात धुवा आणि पाण्याची बाटली दप्तरात ठेवा." बाई एका दमात सांगतात. वर्ग उठतो. एक-दोन मुलं मात्र आधी शेजाऱ्याकडे बघतात आणि तो करेल तसं करतात. त्यांना ऐकू नीट येतं. कोडी सोडवण्यात, चित्र काढण्यात ती मागे नसतात. अडतं ते भाषेपाशी. 'जेवण' ऐकलं, 'हात' ऐकलं. पण आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारा तुकडा निसटून गेला.

या अडचणीला विकासात्मक भाषा विकार किंवा डीएलडी म्हणतात. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांचं या नावावर एकमत झालं ते २०१७ च्या सुमारास. त्याआधी नावं इतकी होती की पालकांना नेमकं काय शोधायचं तेच कळत नसे. कोर्टनी नॉर्बरी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात केलेली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. इतर कोणतंही ज्ञात कारण नसलेला भाषा विकार त्यांना शंभरातल्या साडेसात मुलांमध्ये आढळला. तीस जणांच्या वर्गात दोन मुलं! एवढी मोठी संख्या शाळेत रोज समोर बसते आणि तिला आपण लाजाळू, आळशी किंवा 'लक्ष नसतं' असं म्हणून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आयर्लंडने अशा मुलांसाठी साध्या प्राथमिक शाळांमध्येच खास वर्ग काढले. शिक्षण खात्याच्या २००७ च्या परिपत्रकानुसार एका शिक्षकामागे सात मुलं आणि या वर्गात जास्तीत जास्त दोन वर्षं. मग मूल आपल्या नेहमीच्या शाळेत परततं. भाषेचे उपचार देणारी थेरपिस्ट सरकारी आरोग्यसेवेकडून येते आणि तिचं काम वर्गाच्या कामातच मिसळलेलं असावं, हा या रचनेचा गाभा आहे.

असा वर्ग चांगला चालतो तेव्हा तिथे काय होतं? शिक्षिका कमी बोलते, सावकाश बोलते आणि उत्तरासाठी थांबते. हे थांबणं सोपं नाही; तीस मुलांच्या वर्गात तीन सेकंदांची शांतताही शिक्षकाला जड जाते. परिसर अभ्यासात 'बाष्पीभवन' येणार असेल, तर तो शब्द धड्याच्या आधीच मुलांच्या हातात दिला जातो: टाळ्या वाजवत त्याचे तुकडे करायचे, पहिला आवाज ओळखायचा, ओला रुमाल वाळत घालून बघायचा, मग तो शब्द स्वतःच्या वाक्यात वापरायचा. आणि चार दिवसांनी पुन्हा, कारण या मुलांना एक शब्द पक्का व्हायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटावा लागतो. गोष्ट सांगताना कोण, कुठे, केव्हा, काय झालं, यांची चित्रं समोर मांडलेली असतात. व्याकरणही डोळ्यांना दिसेल असं करता येतं. सरेमधल्या मूर हाउस शाळेत सुझन एबल्स यांनी विकसित केलेल्या पद्धतीत वाक्याच्या प्रत्येक भागाभोवती ठरलेला आकार काढतात आणि रंगांवरून शब्दांच्या जाती ओळखतात. कानाला न पकडता आलेली वाक्याची रचना कागदावर स्थिर उभी राहते.

मग दोन वर्षांत मूल बरं होतं का? नाही, आणि पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. जीना कॉन्टी-रॅम्सडेन यांच्या मँचेस्टरच्या अभ्यासात इंग्लंडमधल्या अशाच भाषा-वर्गांतली सात वर्षांची २४२ मुलं निवडली होती आणि तरुणपणापर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. अनेकांच्या अडचणी टिकून होत्या. वाचन, मैत्री, पुढे चिंता आणि नैराश्य यांतही त्या दिसल्या. म्हणून मला वाटतं, वर्गाचं खरं यश मूल परत गेल्यावर मोजावं. जुन्या शाळेतल्या शिक्षकाला ते थांबणं, तो आधी दिलेला शब्द, ती चित्रं ठाऊक नसतील, तर दोन वर्षांची मेहनत हळूहळू विरते.

दाराशीही एक प्रश्न आहे. आयर्लंडच्या त्याच परिपत्रकात प्रवेशासाठी भाषेविना मोजलेला बुद्ध्यांक किमान ९० हवा होता. बिशप यांच्या गटाने मात्र भाषा आणि बुद्ध्यांक यांत मोठी तफावत असण्याची अट नाकारली. ८५ बुद्ध्यांकाच्या मुलाला मदत कमी लागते असं थोडंच आहे!

परदेशातल्या मराठी घरांना आणखी एक धास्ती असते: मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलावं का? दोन भाषांमुळे हा विकार होत नाही आणि असला तर तो दोन्हींत दिसतो. मराठी तोडली की आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोललेली भाषा समजण्यातली अडचणही आहे. पण शाळांमध्ये या तरतुदीची आठवण होते ती बहुतेकदा वाचन-लेखनासाठी, दहावीच्या सवलतींच्या वेळी. तेव्हा मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ही लक्षणं ओळखायला शिकवणं आणि काही शाळांमागे एक वाचा-भाषा तज्ज्ञ नेमणं, एवढ्यापासून तरी सुरुवात व्हावी.